नागपुरात एमडी पॅथॉलॉजीसाठी मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) घ्यावं की मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय)?

नावावरून ठरवू नका. प्रवेशासाठी कॉलेजचे चॉइस भरण्याआधी परवानगी काढून दोन्हीकडे एकेक सकाळ ग्रॉसिंग टेबलाजवळ (ऑपरेशनमधून आलेले नमुने तपासून कापतात तिथे) उभे राहा. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना ज्युनिअर रेसिडेंट स्वतः जबड्याचा नमुना कापतोय का, आणि पुढे त्याच केसची स्लाइड सरांसोबत बसून वाचतोय का, ते बघा. तीन वर्षांत खरं शिक्षण तिथेच होतं. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) होणारे तोंडाचे कॅन्सर विदर्भात भरपूर, शिवाय सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही, त्यामुळे केसेसची चिंता नको. फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच नमुना गोठवून केलेली झटपट तपासणी), इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून पेशींतली प्रथिनं ओळखण्याची तपासणी) तिथेच होते की बाहेर पाठवतात, हे मात्र दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटलाच विचारा. एम्स मनात असेल तर त्याची आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा वेगळी. रिपोर्टचा पहिला मसुदा रेसिडेंटकडून लिहून घेतात, तिथे मी डोळे मिटून गेलो असतो.