आईला सांभाळणाऱ्या बाईचा पगार कुणाच्या खिशातून?

बेळगावातल्या वडगावहून एका ताईंचं पत्र आलंय. आई 74 वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. शहापूरचं घर सोडून आता लेकीकडे आहे. ताई खासगी शाळेत शिकवतात, पगार 26,000. यजमान उद्यमबागेत कामाला, पगार 34,000. मुलगा तीन वर्षांचा. आईसाठी दिवसाच्या बाईला 15,000 आणि डायपर, औषधं, फिजिओथेरपी मिळून 9,000 लागतात. पुण्याचा भाऊ 5,000 पाठवतो, बाकीचे 19,000 ताई भरतात. मुलाच्या पाळणाघराचे 4,000. "हातात तीन हजार उरतात. त्यापेक्षा नोकरी सोडून दोघांना मीच सांभाळलं तर?"

ताई, राजीनामा देऊ नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खर्चाचा आकडा बरोबर आहे, पण तो चुकीच्या पगारातून वजा होतोय.

आधी आईचे पैसे बघू. तुम्हीच लिहिलंय की वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीची फॅमिली पेन्शन 15,500 येते आणि ती खात्यात तशीच पडून राहते. शहापूरच्या वरच्या मजल्याचं भाडं 6,000, ते भाऊ ठेवतो. शिवाय सोसायटीत नऊ लाखांची ठेव, तिचं व्याज मुद्दलात जातं. भावाचं म्हणणं, "आईचे पैसे कशाला मोडायचे, पुढे लागतील." अहो, ते पुढे म्हणजे आत्ताच! माउलीने आणि तुमच्या वडिलांनी ज्या दिवसांसाठी साठवलं, ते हेच दिवस.

सोसायटीच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. बेळगावात घराघरात अशी पावती असते, म्हणून स्पष्ट सांगतो: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्था-सोसायटीच्या ठेवीला नाही. या वयात आईची सगळी पुंजी तिथे नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं, आणि एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. नऊ लाखांवर तिमाहीला 18,450, म्हणजे महिन्याला 6,150. पेन्शन, भाडं आणि हे व्याज मिळून 27,650 होतात. आईचा खर्च 24,000. तो भागून 3,650 उरतात, त्यातून रविवारसाठी दुसरी बाई बघा. भावाचे 5,000 बंद करू नका, ते आईच्या खात्यात साठू द्या. बाईचा पगार वाढणारच आहे, आणि कधीतरी रात्रीचीही लागेल.

खालचा मजलाही भाड्याने द्यावा, असं कुणीही सल्लागार म्हणेल. पण गणपती तिथे बसतो म्हणून भाऊ नको म्हणतो, आणि ते मला पटतं. आकडे जमतायत तोवर राहू दे.

मेडिक्लेमचंही विचारलंय. त्यातून बाईचा पगार मिळणार नाही. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं अशी देखभाल घरी असो वा नर्सिंग होममध्ये, पॉलिसीत ती सहसा वगळलेलीच असते. माझ्या आत्याच्या वेळी हे कळलं. ऑपरेशनचं बिल मंजूर झालं, पुढचे अकरा महिने घरातून गेले. तिच्या उशाशी शंभर पानी वही होती, बाईच्या प्रत्येक दिवसाला एक उभी रेघ. रात्री जागायची माझी वहिनी, तिच्या नावाची एकही रेघ त्यात नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते. तुमच्या रात्रींचा हिशेब भावाला दाखवा. त्या रात्रींचे पैसे नकोत, पण महिन्यातून चार दिवस त्याने येऊन राहावं.

आता पाळणाघर. ते तुमच्या एकटीच्या पगारातून का वजा केलंत? मूल दोघांचं आहे. पगाराच्या प्रमाणात वाटलं तर तुमच्याकडे साधारण 1,730 येतात. म्हणजे तुमच्या हाती तीन नाही, चोवीस हजारांवर उरतात. शिवाय पीएफमध्ये तुमची सात वर्षं झालीत, पेन्शनचा हक्क मिळायला दहा लागतात. तीन वर्षांसाठी तो घालवू नका.

सगळ्यात काळजी वाटली ती शेवटच्या ओळीची. भाऊ म्हणतो, घराचं बक्षीसपत्र आत्ता करून दे, मग आईचं सगळं मी बघतो. घाई करू नका. घर आईचं आहे, निर्णयही तिचाच. तिला करायचंच असेल, तर सांभाळण्याची अट दस्तात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, अट पाळली नाही तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. दस्त कन्नडमध्ये असेल तर सही-अंगठ्याआधी विश्वासातल्या माणसाकडून आईला तो मराठीत वाचून दाखवा, ओळ न् ओळ.

त्याच कायद्याने आई प्रांत कचेरीतल्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चही मागू शकते, कमाल 10,000 महिना. मुलगा पुण्यात असला तरी अर्ज बेळगावात करता येतो. पण तुमच्या घरात ती वेळ आलेली नाही. आणि कायदा भावालाच बांधतो असंही नाही. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी असते, हे सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच सांगितलंय. तेव्हा भावाशी बोलताना "तुझी आई" असा सूर नको. पेन्शनचं पासबुक समोर ठेवा, खर्चाचा कागद ठेवा, आणि आई जागी असताना तिच्याच खाटेजवळ बसून बोला.

त्याआधी सोसायटीत जाऊन पावती बघा. मुदत संपल्यावर ती आपोआप रिन्यू करायला सांगितलेलं असेल, तर तेवढं याच आठवड्यात थांबवा.