नोकरी सोडली की दोन वर्षं घरी बसायचं?

"ताई, कंपनी सोडल्यावर दोन वर्षं चटईच्या लाइनीत काम करणार नाही, असं लिहून दिलंय. दुसरीकडे लागलो तर केस करतील का?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. या वेळी विचारणारा जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक चटई कारखान्याचा सुपरवायझर होता. धुळ्याच्या कारखान्यात पगार चांगला मिळणार होता, पण करारात जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे बंद. सोबत आलेले वडील एवढंच म्हणाले, "मंग पोऱ्यानी करानं काय?"

भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 सांगतं, की कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून माणसाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. दुकान नावलौकिकासह विकणाऱ्याला मर्यादित बंधन घालता येतं. नोकरदाराचं तसं नाही. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट मात्र चालते. 1967 च्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या कराराच्या काळापुरती ती मान्य केली होती. नोकरी संपल्यावरची बंदी टिकत नाही, मग ती दोन वर्षांची असो की सहा महिन्यांची, आणि सही स्टॅम्पपेपरवर केलेली असली तरी. ज्या पोराला दुसरं काम येत नाही, त्याच्याकडून असं लिहून घेणं मला सरळ अन्याय वाटतो.

वडिलांचा जीव भांड्यात पडला. मी मात्र मुलाला मोबाइल काढायला सांगितलं.

गॅलरीत रंगछटांच्या वहीचे फोटो होते: कोणत्या रंगाला किती मास्टरबॅच (रंगाचे दाणे), रिप्रोसेस म्हणजे पुनर्वापराचा दाणा किती मिसळायचा. खाली व्यापाऱ्यांचे रेट. कामासाठीच काढलेले, पण नवे मालक म्हणत होते, "येताना रेट घेऊन ये." खरा धोका तिथे होता. लूम म्हणजे चटई विणायचं यंत्र चालवायचं कसब त्याचं स्वतःचं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती नेली तर मनाई हुकूम आणि भरपाईचा दावा, दोन्ही होऊ शकतात. सगळं कंपनीकडे परत करून लेखी पोच घ्यायची, एकही फोटो स्वतःकडे ठेवायचा नाही आणि नव्या मालकाला रेट मिळणार नाहीत हे आजच सांगायचं, असं ठरलं.

दुसरी गोष्ट बाँडची. नव्या लूमच्या ट्रेनिंगला कंपनीने पाठवलं होतं आणि मुदतीआधी सोडल्यास एक लाख भरायचे होते. याला कलम 27 ची ढाल चालत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा असा बाँड वैध ठरवला. अर्थात याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. बाँडचे चारच महिने उरले होते. मी म्हटलं, धुळ्यात विचार, थांबतात का. थांबले.

शेवटच्या महिन्याचा नोटीस पिरियड त्याने पूर्ण भरला, राजीनामा ई-मेलने आणि स्पीड पोस्टनेही दिला. करार पोकळ आहे म्हणून उद्यापासून न जाणारे मी पाहिलेत. त्यांचा पगार अडकतो.

धुळ्यात रुजू झाल्यावर वकिलाची नोटीस आलीच. कलम 27 चा दाखला देऊन उत्तर गेलं, त्यावर अजून काही आलेलं नाही. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, तेवढं जुन्या कंपनीने अडवून ठेवलंय. ते मागणारं पत्र या आठवड्यात पाठवतोय.