वामनदादा कर्डकांच्या गीतांवर उर्दू-फारसीचा प्रभाव आहे का, तो ओळखायचा कसा?

आहे, पण शब्दांवरून मोजू नका. ‘तुफान’ मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला. तरी सिन्नरच्या बाजारातही तो मराठीच आहे. रचना पाहा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावच्या या शाहिराची, म्हणजे वामनदादांची, ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ ही ओळ घ्या. ‘असते’ हा रदीफ, म्हणजे गझलेत ओळीच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द; त्याआधीचे ‘लोक’ आणि पुढच्या ओळीतले ‘टोक’ हे काफिये, म्हणजे रदीफच्या आधी यमक जुळवणारे शब्द. लगक्रम, म्हणजे लघू (ल, एक मात्रा) आणि गुरू (गा, दोन मात्रा) अक्षरांचा क्रम, गागालगा लगागा दोनदा, म्हणजे २४ मात्रांचे आनंदकंद हे वृत्त. उर्दू छंदशास्त्रात हेच वृत्त ‘मफऊलु फाइलातुन’ दोनदा असं मोजतात. ‘जर’ आणि ‘असते’मधला ‘अस’ या लघूंच्या जोड्या एकेक गुरू धरा, नाहीतर मोजणी हमखास चुकते. परका साचा आणि बोली सिन्नरची, हे फार मोठं काम आहे!