जावईबापूंच्या तक्त्यात एकच घर आहे

*मावशी, माझं वय 36. कोल्हापुरात शिवाजी पेठेत सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहतो. मी, हे, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहेत, हातात 48,000 येतात. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला 9,000 सुटतात. खर्च 41,000 चा आहे. आता ह्यांना पुण्याजवळ चाकणला 72,000 ची ऑफर आलीय. ह्यांनी मोबाइलवर तक्ता केलाय, तूरडाळ, तेल, गॅस, पेट्रोल, सगळ्याचे इथले आणि पुण्याचे भाव समोरासमोर. चाकणजवळच्या मोशीत टू बीएचके 17,000 ला मिळतो. तेवढं भाडं धरूनही आजच्यापेक्षा 7,000 जास्त उरतात म्हणे. सासूबाई कोल्हापूर सोडणार नाहीत. त्या काही बोलत नाहीत, फक्त परवा "फ्रिजचं खोकं माळ्यावर आहे का गं?" एवढं विचारलं. मला तक्त्यात चूक दाखवता येत नाही, पण पोटात गोळा येतो. नणंद म्हणते मी उगाच आडकाठी करतेय. खर्चाची तुलना करायची तरी कशी?*
*गोंधळलेली, कोल्हापूर*

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन.

जावईबापूंनी लिहिलेले भाव बरोबरच असणार, त्यावर वाद घालू नकोस. गंमत अशी झालीय, की ज्या वस्तूंत फरक पडत नाही नेमक्या त्याच त्यांनी निवडल्यात. तेलाच्या पाकिटावर, साबणावर, चहापुडीवर एमआरपी छापलेली असते, ती कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत तीच आणि मोशीत तीच. गॅसच्या सिलिंडरला चार-दोन रुपये इकडेतिकडे. वीज दोन्हीकडे महावितरणची, त्यामुळे युनिटचा दरही एकच. डाळ किलोमागे पाच रुपयांनी वरखाली होईल, पण तेवढ्यावरून कोणी गाव सोडतं का, की राहतं? त्या सगळ्या ओळी पुसून टाक.

त्या जागी आज तुम्हाला जे फुकट मिळतं ते लिही.

फुकटची वस्तू कुठल्याच तक्त्यात येत नाही, कारण तिला भाव नसतो. गाव सोडलं की पहिल्या महिन्यात तिला भाव येतो. घराचं उदाहरण तर ढळढळीत आहे. आज वर्षाकाठी घरफाळा भरला की झालं. पण दुपारी पोरं शाळेतून येतात तेव्हा दार कोण उघडतं? सासूबाई. धाकट्याचे पाढे कोण घेतं? शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर व्हॅनचे पैसे आज शून्य. तुम्हा लोकांचं भाताचं गाव असेल तर वर्षाचा तांदूळ आणि गूळ घरचा. तो तांदूळ सुवासिक आजरा घनसाळ असेल, तर पुण्यात विकत घेताना डोळ्यांत पाणी येईल. गाडी बिघडली तर ओळखीचा मेकॅनिक, ताप आला तर उधारीवर औषध देणारा दुकानदार, तुम्ही दोघं लग्नाला गेलात तर पोरांना जेवू घालणारी शेजारीण. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध मोशीत पैसे मोजूनही मिळायचं नाही, ते सोडून दे. बाकीच्या एकेकापुढे आकडा घाल. शेजारणीपुढे आकडा घालताना संकोच वाटेल, तरीही घाल.

आम्ही 1996 मध्ये मिरजेहून डोंबिवलीला आलो तेव्हा मीही अशीच वही केली होती. किराणा, दूध, भाडं, लोकलचा पास, सगळं अगदी अंदाजाप्रमाणे उतरलं. फुगली ती शेवटची ओळ, 'किरकोळ'. महिनाअखेरीला तीच भाड्याखालोखाल मोठी निघाली. रात्री बसून चिठ्ठ्या लावल्या तेव्हा उलगडा झाला. उशीर झाला म्हणून स्टेशनबाहेरचा वडापाव, दळण आणायला वेळ नाही म्हणून तयार पीठ, पिशवीभर कपडे इस्त्रीला, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पेढे. यातली एकही गोष्ट मिरजेत विकत घेतली नव्हती. तिथं वेळ होता आणि माणसं होती. घरमालकानं सोडताना रंगाच्या नावाखाली अनामतीतले पैसे कापले, ते वेगळंच.

आता तुझ्या पत्रातलं खरं दुखणं. तू लिहितेस, सासूबाई कोल्हापूर सोडणार नाहीत. म्हणजे उद्या तुमची घरं दोन होणार. मोशीतलं आणि पेठेतलं. तिथंही चूल पेटणार, दूध येणार, विजेचं बिल येणार, धुण्याभांड्याची बाई लागणार, रात्री सोबतीला कोणीतरी लागणार. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आज तू जातेस, उद्या कोण जाईल? जावईबापूंच्या तक्त्यात एकच घर आहे. सासूबाईंना मात्र दुसरं दिसलंय, म्हणूनच त्यांनी खोक्याचं विचारलं. फ्रिज तुमच्याबरोबर जाणार की माझ्याकडे राहणार, असा तो प्रश्न आहे गं. त्यांनी सरळ विचारला नाही, तू तरी त्यांना सरळ विचार.

चल, हिशेब करू. आज दोघांचे मिळून 57,000 येतात, 41,000 जातात, 16,000 उरतात. जावईबापूंचं गणित असं: 72,000 अधिक तुझे 9,000, म्हणजे 81,000. त्यातून आजचा खर्च आणि भाडं मिळून 58,000 वजा, उरले 23,000. इथं तुझे 9,000 त्यांनी न बोलता ट्रकमध्ये घातलेत. पण तुझी गिऱ्हाइकं काही ट्रकमधून येणार नाहीत. नव्या सोसायटीत तुझ्या हाताची फिटिंग कळायला वर्ष तरी जाईल, तोवर ती ओळ कोरी. राहिले 14,000.

यातून सासूबाईंच्या घराचे वाढीव 5,000. दोन पोरांची शाळा आणि व्हॅन, अगदी हात आखडून 4,500. पेट्रोल आणि घरचा न येणारा तांदूळ-गूळ मिळून 2,000. महिन्यातून एकदा कोल्हापूरची फेरी 2,500. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही अर्धं, म्हणून तुम्हा चौघांची मिळून अडीच तिकिटं लागतील. ह्या आकड्यात तेही धरलंय. बेरीज 14,000. उरले शून्य.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, ते जावईबापूंच्या तोंडावर मारू नकोस. तुझे तू भर. दोन-चार हजार वर येतीलही. पण 23,000 आणि शून्य यांच्यामध्ये जे काही आहे ते तुझ्या पोटातल्या गोळ्याला आधीच कळलं होतं. नणंदेला म्हणावं, आडकाठी नाही, बेरीज आहे.

शाळेचं थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथं हमखास फसतात. कोल्हापुरात पोरं अनुदानित शाळेत असतील तर फी नाममात्र असते. तशा शाळा जुन्या वस्तीत असतात. मोशीसारख्या नव्यानं वाढलेल्या भागात इमारतींच्या आधी खासगी इंग्रजी शाळांचे फलक उभे राहतात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांवर भिस्त ठेवू नका, ते प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात. तिसरीत आणि आठवीत जाणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग नाही. मुलगी सेमी इंग्रजीत आहे का? मग तिथं सेमीची तुकडी कुठल्या शाळेत आहे, किती लांब आहे, हे घर बघायच्या आधी बघा. घर शाळेजवळ घेता येतं, शाळा घराजवळ आणता येत नाही.

पाण्याचं विचारायला विसरू नका. मोशी पिंपरी-चिंचवड पालिकेत येते. त्या पालिकेनं 2019 च्या अखेरीला दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हापासून तिथल्या कित्येक सोसायट्यांचा टँकरशी रोजचा संबंध. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, आणि मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे करारात लिहून घ्या. एप्रिल-मेमध्ये किती टँकर लागतात हे घरमालकाला विचारू नका, एजंटाला तर नकोच. गेटवरच्या वॉचमनला विचारा, चहा पाजून. तो खरं सांगतो, कारण टँकरच्या नोंदीची वही त्याच्याकडेच असते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, नंतर भाडं वाढतं. तक्त्यात पुढच्या वर्षीचं भाडंही लिहा. अनामत, एजंटाचं एक महिन्याचं भाडं, ट्रक, पडदे, पंखे धरून लाखभर रुपये पहिल्याच महिन्यात जातील. ते बचतीतून काढणार की कर्जानं, हे आत्ताच ठरवा. गाडीचं टेन्शन मात्र नको, राज्य तेच आहे. एमएच-09 ची पाटी मोशीत दिमाखात फिरते.

आणि 72,000 म्हणजे नेमकं काय? हातात येणारे, की सीटीसीला, म्हणजे कंपनी वर्षभरात माणसावर करते त्या एकूण खर्चाला, बारानं भागून आलेले? सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, ते पैसे महिन्याला किराण्याच्या कामाचे नाहीत. प्राप्तिकराची धास्ती नको. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत एवढ्या पगाराला कर लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या पावत्या दाखवून काही वाचेल ही आशाही नको. कंपनीची बस मोशीतून जाते का, ते विचारा. चाकणचा ट्रॅफिक ज्यानं एकदा पाहिलाय तो बसचे पैसे पगारातच मोजतो.

एक प्रश्न मला पत्रात सापडला नाही. जावईबापूंना जायचंय का? पैशासाठी जायचं असेल तर वरची बेरीज पुरे. पण फौंड्रीतल्या भट्टीपुढं उभं राहून माणूस कंटाळतो. वरची जागा मिळत नाही, साहेब आपल्याहून लहान येतो. चाकणला नवं काम शिकायला मिळणार असेल, पाच वर्षांनी पगार दुप्पट व्हायची शक्यता असेल, तर पहिली दोन वर्षं शून्य उरणं परवडतं. असं असेल तर त्यांनी ते तुला सांगायला हवं. तूरडाळीच्या भावाआड लपायचं काय कारण? तसंच तुझंही. सासूबाईंना एकटं सोडवत नसेल तर तसं म्हण. त्यापुढे रुपये लिहायची गरज नाही.

मला विचारशील तर ऑफर घ्यायला हरकत नाही, पण बिऱ्हाड हलवायची घाई नको. शाळेचं वर्ष संपेपर्यंत जावईबापूंनी एकट्यानं जावं. चाकण-भोसरी भागात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, जागा मिळते. प्रोबेशन तिथं काढू दे, म्हणजे नोकरी टिकते का, साहेब कसा आहे, हे कळेल. तोवर तू दोन महिने वही ठेव: डाव्या पानावर दिलेले पैसे, उजव्या पानावर न दिलेले. आणि पोरांच्या सुटीत चार दिवस मोशीला जाऊन राहा. लॉजवर नको, कुणा नातेवाइकाकडे. (पुण्यात घर घेतलंस की गावचे सगळे परीक्षेला, दवाखान्याला तुझ्याकडेच उतरणार आहेत, तर आधी तू एकदा कुणाकडे उतर. पाहुण्यांचीही एक ओळ वहीत लागतेच.) भाजी स्वतः घे, दूध स्वतः आण, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या गाडीवर मागं बसून चाकणपर्यंत जा.

ह्या सगळ्यानंतर जायचं ठरलं, तर सासूबाईंसाठी नवा छोटा फ्रिज घेऊ नका. जुना, मोठा, त्यांच्या सवयीचा त्यांच्याकडेच राहू दे, नवा तुम्ही घ्या.

आणि तुझी मापांची वही बरोबर ने. जुन्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगून ठेव, कापड पार्सलनं पाठवलं तर ब्लाउज परत पार्सलनं येईल, आणि दर महिन्याच्या फेरीत तू स्वतः फिटिंग बघशील. नऊमधले चार हजार तरी तसे टिकतील. पुण्यात शिलाईचा दर इथल्यापेक्षा बराच जास्त आहे, तिथल्या दोन टेलरांकडे जाऊन विचारून ये. कोल्हापूरचा दर मात्र तिथल्या बायकांना सांगू नकोस.

तुझी,
मावशी