सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला प्राचीन इतिहासाचा अभ्यासक होता येईल का?

तुम्ही खानापूर तालुक्यातले, शाळा मराठी माध्यमातून झाली, सध्या बेळगावात इतिहास घेऊन बी.ए. करता आणि विचारता की या विषयात आयुष्य काढता येईल का, पोट भरेल का, आणि पुढे पुण्याला जावे की धारवाडला. मी याच भागातला, धारवाडला एम.ए. केले, सीमाभागातील महाविद्यालयांत इतिहास शिकवला आणि जोडीने शिलालेखांचे वाचन चालू ठेवले. तुमच्या प्रश्नात ‘कन्नड पास होण्यापुरते केले’ असे जे एक वाक्य आहे, त्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

आपल्या आसपास काय आहे ते आधी पाहा. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. तेथे सापडलेले पाचव्या-सहाव्या शतकांतील ताम्रपट संस्कृतात आहेत. बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन नगर उजेडात आले. त्या काळाचे लेख वाचायचे तर ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा यांवाचून गत्यंतर नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविली आणि तिच्याशी संबंधित जे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ते हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत. रट्टांचा किंवा गोव्याच्या कदंबांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हळेगन्नड येत नसेल, तर तो आयुष्यभर दुसऱ्याने केलेल्या वाचनावर आणि भाषांतरावर विसंबून राहील, आणि अशा माणसाला इतिहासाचा वाचक म्हणता येईल, अभ्यासक म्हणता येणार नाही.

सीमाप्रश्नामुळे आपल्याकडे पुष्कळ घरांत कन्नडविषयी एक अढी असते. तिची कारणे मला ठाऊक आहेत आणि मराठीच्या हक्कांविषयीची तुमची भावना कमी व्हावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण आजची सीमा त्या दगडांना लागू नाही. कर्नाटकातील श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा प्रसिद्ध मराठी लेख आहे, तर सोलापूर जिल्ह्यात गावोगावी कन्नड शिलालेख उभे आहेत. त्या सोलापुरी लेखांचा संग्रह धारवाडचे श्रीनिवास रित्ती आणि सोलापूरचे आनंद कुंभार या दोघांनी मिळून सिद्ध केला, आणि सीमाभागातल्या अभ्यासकाने कसे काम करावे याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. मराठी घरात वाढून बाजारात, बसमध्ये कन्नड कानावर पडत असलेल्या मुलाकडे जी शिदोरी असते, ती पुण्या-मुंबईच्या हुशार विद्यार्थ्याला काही वर्षे खर्चूनही सहज मिळत नाही.

प्रत्यक्ष काम कसे असते, हेही माहीत असावे. शिळा पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करायची, तिच्यावर ओला कागद बसवायचा, जाड केसांच्या ब्रशने ठोकत तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि मग कापडी बोळ्याने शाई लावत जायची. कोरलेला भाग पांढरा राहतो, बाकी सारे काळे होते. कागद सुकला की खरे काम सुरू होते. वर सूर्य-चंद्र, गाय-वासरू ओळखू येतात, शेवटी बहुधा ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा शापाचा श्लोक येतो आणि तो पाठ असल्यामुळे झिजलेली अक्षरेही लागतात. पण मधल्या ओळींत जमिनीच्या चतुःसीमा, मापे आणि देणग्या असतात, तेथे ‘प’ की ‘व’ एवढ्यावर एखाद्या गावाचे नाव अडून बसते. एका ओळीवर आठवडा जाणे या कामात नेहमीचे आहे. ज्याला त्याचा कंटाळा येत नाही, त्यानेच या वाटेला यावे.

आता शिक्षणाविषयी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि पुराभिलेख (शिलालेख-ताम्रपटांचा अभ्यास) यांचा स्वतंत्र विभाग आहे. शिलालेखांकडे ओढा असेल तर माझे मत निःसंशय धारवाडला. उत्खननाची, खापरांची, प्रागैतिहासिक काळाची आवड असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी घडविलेली तेथील परंपरा आजही भक्कम आहे. कुठेही गेलात तरी संस्कृतला पर्याय नाही.

पोटाचे म्हणाल तर ते अवघड आहे, आणि हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा क्वचित निघतात आणि मधली कित्येक वर्षे अतिथी प्राध्यापक म्हणून काढावी लागू शकतात. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये मिळतात, तेव्हा ती मिळविण्यासाठी जीव तोडून अभ्यास करा. आपल्या भागातल्या मुलांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: राज्यांच्या पात्रता परीक्षांपैकी कर्नाटकाची के-सेट कर्नाटकापुरती आणि महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र व गोव्यापुरती चालते, नेट मात्र दोन्हीकडे चालते, कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या तर नेटच हवी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे; तेथील कामात संस्कृत आणि द्रविड भाषांच्या जाणकारांना स्थान असते.

बी.ए. पूर्ण होईपर्यंत कन्नड वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचा, नंतर एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे हळेगन्नडाचे व्याकरण सुरू करा. सुट्टीत आपल्या तालुक्यातील देवळे पाहा, कोरीव दगड दिसला तर सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची छायाचित्रे घ्या, उंची-रुंदी मोजून वहीत नोंदवा, आणि गावकरी अक्षरांत ऑइल पेंट भरायला निघाले असतील तर हात जोडून त्यांना थांबवा, कारण रंगवणाऱ्याचा ब्रश चुकीच्या जागी वळला की पुढचा वाचकही तेथेच चुकतो. ही वही घेऊन धारवाडच्या विभागात गेलात, तर प्रवेशाआधीच तुमच्याशी बोलायला तेथे कुणीतरी बसेल.