वाचकांचे प्रश्न : लेचवर्थच्या दरीकाठी मुक्काम

प्रश्न : माझे सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. त्यांना नायगारा दाखवायला न्यायचे आहे. वाटेवरचे, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातले लेचवर्थ स्टेट पार्क तासा-दोन तासांत उरकावे की तेथे दोन रात्री राहावे, यावरून घरात दोन तट पडले आहेत. सासऱ्यांचे वय ७४, गुडघे दुखरे. सासूबाईंना बाहेरचे जेवण फार दिवस सोसत नाही. मुले सात आणि दहा वर्षांची. उद्यानाच्या आतच राहायला भाड्याने घरे मिळतात असे ऐकले. ती घ्यावीत का, केव्हा जावे आणि बरोबर काय न्यावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : राहावे, आणि शक्य असेल तर दोन रात्रीच राहावे. लेचवर्थ तासाभरात ‘उरकणाऱ्या’ मंडळींपैकी मीही एके काळी होतो, आणि त्या भेटीतून वाहनतळ, एक धबधबा आणि स्वच्छतागृहापुढची रांग यांपलीकडे फारसे काही आठवत नाही, हे आधीच कबूल करतो.

जागेची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. जेनेसी नदी पेनसिल्व्हेनियात उगम पावून उत्तरेकडे वाहते आणि रॉचेस्टर शहरातून जाऊन ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाने तिचे जुने पात्र बुजले, तेव्हा तिने शेल आणि वालुकाश्माच्या थरांतून नवी वाट कोरली. तीच ही दरी. काही ठिकाणी तिचे कडे सहाशे फुटांच्या आसपास उंच आहेत. उद्यानाची लांबी सुमारे १७ मैल, क्षेत्रफळ १४ हजार एकरांहून अधिक, आणि नदीवर तीन मोठे धबधबे : अप्पर, मिडल आणि लोअर. नदी उत्तरवाहिनी असल्यामुळे ‘अप्पर’ धबधबा नकाशावर खाली, म्हणजे दक्षिण टोकाला दिसतो. नवखा माणूस येथे हमखास चकतो. आपण न्यू जर्सीहून येऊन उत्तर टोकाच्या, माउंट मॉरिस गावाजवळच्या प्रवेशद्वाराने आत शिरलात, तर धबधबे गाठण्यासाठी दरीच्या कडेकडेने जवळजवळ सबंध उद्यान ओलांडावे लागेल. रस्ता सुंदर आहे, पण पाच तासांच्या प्रवासानंतर मागच्या सीटवरून ‘अजून किती?’ हा प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवावी. त्या वेळी दक्षिणेकडच्या दारांपैकी एखादे गाठणे शहाणपणाचे ठरते.

आता घरांविषयी. या उद्यानात राहण्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि आरक्षण करताना त्यांची गल्लत होते, म्हणून ते नीट समजून घ्यावेत. तंबूची जागा आपल्याला नको, हे गृहीत धरतो. ‘केबिन’ म्हणजे झाडीतली लाकडी खोली. तिच्यात झोपायला पलंग असतो, परंतु बऱ्याच केबिनमध्ये स्नानगृह आत नसते. ते थोड्या अंतरावरच्या सामाईक इमारतीत असते. चांदण्यात टॉर्च घेऊन तिकडे जाणे मुलांना साहस वाटेल, पण रात्री दोनदा उठणाऱ्या आणि गुडघे धरून चालणाऱ्या गृहस्थांना ती शिक्षा होईल. तिसरा प्रकार म्हणजे मिडल फॉल्सच्या काठावरचे ग्लेन आयरिस इन. हे मुळात विल्यम प्रायर लेचवर्थ यांचे राहते घर. बफेलोच्या या उद्योजकाने १८५९ साली येथील जमीन घ्यायला सुरुवात केली, तोडलेल्या रानात पुन्हा झाडे लावली, आणि धबधब्यांवर वीजनिर्मितीसाठी धरणे बांधण्याचे बेत रंगू लागले तेव्हा, १९०६ साली, सुमारे एक हजार एकरांची आपली मिळकत न्यूयॉर्क राज्याला देऊन टाकली. आपल्या हयातीत येथे राहण्याचा हक्क मात्र त्यांनी राखून ठेवला होता. १९१० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या या घरात खोल्या मिळतात आणि उपाहारगृहही आहे, पण स्वयंपाकघर आपले नसते.

चौथा प्रकार आपल्या उपयोगाचा : सबंध घर. उद्यानाच्या हद्दीत स्टोन हाउस, कॅरोलाइन्स कॉटेज, मेपलवुड लॉज अशी काही वास्तू-घरे आहेत. ती कुटुंबाला एकत्र राहण्यासाठी दिली जातात. संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि मागणी उदंड, हीच काय ती अडचण. न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानांतल्या केबिन आणि तंबूच्या जागा मुक्कामाच्या तारखेआधी नऊ महिन्यांपासून राखता येतात, आणि ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारच्या जागा नोंदणी खुली होताच संपतात. म्हणून आपण सासू-सासऱ्यांच्या विमानाची तिकिटे काढताना जी तत्परता दाखवली असेल, तीच येथे हवी. यंदा उशीर झालाच असेल, तर आठवड्याच्या मधल्या वारांची चौकशी करावी. पाहुणे निवृत्त आहेत, त्यांना मंगळवार काय आणि शनिवार काय! घर ठरवताना तीन गोष्टी फोन करून विचाराव्यात : तळमजल्यावर शयनगृह व स्नानगृह आहे का, अंगणापर्यंत गाडी जाते का, आणि घर नदीच्या कोणत्या बाजूला आहे. तिसरा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण उद्यानाच्या आत गाडीने दरी ओलांडायला पूलच नाही. लोअर फॉल्सजवळचा दगडी पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. पलीकडच्या काठावर उतरलात तर प्रत्येक वेळी बाहेरून वळसा घालावा लागेल.

स्वयंपाकाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या पत्रातली खरी काळजी तीच आहे. अशा भाड्याच्या घरांत शेगडी बहुधा विजेची असते. खोलगट बुडाचा बिडाचा तवा तिच्यावर डुगडुगतो आणि पोळी एका बाजूला कच्ची राहते. सपाट बुडाचा तवा घरूनच न्यावा. छोटा कुकर, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट एवढे असले की पहिल्या रात्री मऊ भातावर भागते आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीची विवंचना राहत नाही. फोडणी करताना मात्र सावध राहावे. अशाच एका भाड्याच्या घरात माझ्या आईने लसणीची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही केकाटला की शेजारच्या घरातले लोक चपला न घालता अंगणात आले. तेव्हापासून आमच्याकडे प्रवासातल्या वरणाची फोडणी घरीच करून, गार झाल्यावर बाटलीत भरून नेण्याची पद्धत पडली आहे. चव किंचित उणी पडते, पण शेजारधर्म शाबूत राहतो. उरलेले अन्न आणि कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवू नये. रॅकून नावाचा प्राणी झाकणे उघडण्यात पटाईत असतो.

शेकोटीसाठी लाकूड घरून नेऊ नये. सुकवण्याची विशेष प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड न्यूयॉर्क राज्याबाहेरून आत आणायला बंदी आहे, आणि राज्यांतर्गतही ते मूळ ठिकाणापासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. ॲश वृक्षांचा फडशा पाडणारा पाचूच्या रंगाचा भुंगा अशाच ओंडक्यांतून नव्या रानात पोहोचतो, हे त्यामागचे कारण. मोळी जवळपासच विकत घ्यावी.

सासऱ्यांसाठी म्हणाल तर इन्स्पिरेशन पॉइंट ही जागा मनात धरून ठेवावी. तेथे गाडी लावली की फारसे न चालता मिडल आणि अप्पर हे दोन्ही धबधबे आणि त्यांच्यावरचा रेल्वेचा कमानी पूल एकाच चौकटीत दिसतात. तो पूल २०१७ सालचा. त्याआधी तेथे १८७५ सालचा लोखंडी पूल होता, आणि त्याहीआधी १८५२ सालचा एक अवाढव्य लाकडी पूल, जो १८७५ मध्ये जळून खाक झाला. मिडल फॉल्स १०७ फुटांचा आणि तिघांत सर्वांत देखणा. त्याचा कठडा ग्लेन आयरिसच्या अंगणापासून अगदी जवळ आहे. लोअर फॉल्सला मात्र शंभरावर दगडी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उतरलेल्या पायऱ्या चढाव्याही लागतात. तेथे आपण मुलांना घेऊन जावे आणि आजी-आजोबांनी वर बाकावर बसून चहा घ्यावा, हे उत्तम. हे उद्यानातले कठडे, पायऱ्या, दगडी टेबले यांपैकी बरेचसे काम १९३०च्या दशकात मंदीने बेकार झालेल्या तरुणांनी, सरकारी योजनेखाली येथे छावण्यांत राहून केलेले आहे. आजोबांनी सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केलेली असली, तर त्या दगडांच्या सांध्यांवर त्यांची नजर धबधब्यापेक्षा अधिक वेळ खिळेल, असा माझा अनुभव आहे.

नदीत उतरू नये, मुलांना कठड्यावर चढू देऊ नये आणि रानवाटेवरून आल्यावर सर्वांच्या पोटऱ्या व मोज्यांच्या कडा गोचिडांसाठी तपासाव्यात. दरीत मोबाइलचे जाळे अधूनमधून नाहीसे होते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

क्रमाबद्दल विचाराल तर नायगारा आधी आणि लेचवर्थ नंतर. लेचवर्थ आपल्या परतीच्या दिशेनेच आहे, त्यामुळे घरी जाण्याचा लांबलचक प्रवास दोन तुकड्यांत होतो. आणि मुक्कामाचा खरा लाभ सकाळी असतो. साडेसहाच्या सुमारास दरीतले धुके कड्यांच्या खाली पसरलेले असते, पाणी दिसत नाही, फक्त ऐकू येते. मग ऊन चढू लागते तसतसे ते धुके विरत जाऊन खाली नदीची वळणे उलगडतात. दिवसा येणाऱ्या बसगाड्या तोवर बफेलोतून निघालेल्याही नसतात.

प्रश्न : आम्ही आठ विद्यार्थी एप्रिलमध्ये लेचवर्थला केबिन घेऊन राहण्याच्या विचारात आहोत. पानगळीचे रंग नसताना जाण्यात अर्थ आहे का? आणि माउंट मॉरिसचे धरण पाहण्यासारखे आहे का?
— एक विद्यार्थी, बफेलो

उत्तर : एप्रिलमध्ये झाडे उघडी असतात, पण बर्फ वितळल्यामुळे नदीला जे पाणी असते ते ऑक्टोबरात कधी नसते, धबधबे पाहायचे असतील तर आपला महिनाच योग्य. केबिनमध्ये अंथरूण-पांघरूण आणि भांडी आपली आपण न्यावी लागतात, तेव्हा आठ जणांत आठ चादरी आणि एकच पातेले असा प्रकार होऊ देऊ नका. रात्री पारा शून्याखाली जातो. आतल्या रस्त्याचा काही भाग हिवाळ्यात बंद असतो, म्हणून तो उघडला आहे की नाही हे निघण्यापूर्वी विचारावे.

धरण अवश्य पाहावे. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेसारखा अथांग जलाशय येतो; येथे १९५२ साली पूर्ण झालेली अजस्र भिंत आहे, पण तिच्यामागे एरवी जलाशयच नसतो. पूर आला की पाणी अडवायचे आणि ओसरल्यावर सोडून द्यायचे, एवढ्याचसाठी ते बांधले आहे. १९७२ साली ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने ते काठोकाठ भरले होते.

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे गेले असताना लेचवर्थला एका स्त्रीचा पुतळा पाहिला. वेश तेथल्या मूळ रहिवाशांचा, पण चेहरा गोऱ्या बाईचा वाटला. मुलगा म्हणाला, ‘असेल कुणी राणी.’ कोण ती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका बरोबर आहे, चिरंजीवांचे उत्तर मात्र चुकीचे. ती मेरी जेमिसन. तिचा जन्म १७४३ साली, आईवडील अमेरिकेला येत असताना जहाजावर झाला. पेनसिल्व्हेनियात त्यांच्या शेतावर हल्ला झाला, घरातली बहुतेक माणसे मारली गेली, आणि किशोरवयातल्या मेरीला सेनेका जमातीतल्या दोन बहिणींनी, युद्धात गमावलेल्या आपल्या भावाच्या जागी, घरात घेतले. पुढे तिने मूळ रहिवाशांतच दोनदा लग्न केले. परत आपल्या लोकांत जाण्याची संधी आली तेव्हा ती गेली नाही. आपल्या मुलांना ते लोक आपले म्हणणार नाहीत, अशी धास्ती तिने उतारवयात सांगितलेल्या आत्मकथनात बोलून दाखवली आहे.

हे उद्यान म्हणजे तिचे एके काळचे शेतच म्हणावे लागेल. १७९७च्या करारात जेनेसीकाठची गार्डो नावाची सुमारे १८ हजार एकर जमीन तिच्या नावे झाली होती, आणि त्यातला नदीलगतचा भाग आज उद्यानात मोडतो. १८३३ साली ती बफेलोजवळच्या वस्तीत वारली. त्या दफनभूमीवर गदा येऊ लागली तेव्हा, १८७४ साली, लेचवर्थ यांनी तिचे अवशेष येथे आणून पुन्हा पुरले. शेजारी सेनेकांचे जुने लाकडी सभागृह आहे आणि मेरीच्या नॅन्सी नावाच्या मुलीचे ओंडक्यांचे घरही तेथेच आणून उभे केले आहे. ब्राँझचा पुतळा १९१० सालचा. ओहायोच्या खोऱ्यातून जेनेसीपर्यंत शेकडो मैल ती तान्ह्या मुलाला घेऊन चालत आली, तो प्रसंग त्यात दाखवला आहे. आपण पत्रात बाळाचा उल्लेख केलेला नाही, यावरून आपण पुतळा फक्त समोरून पाहिला असावा असे वाटते. ते तिच्या पाठीवर बांधलेले आहे. पुढच्या खेपेस चौथऱ्याला वळसा घालून मागे जावे.