कोल्हापूरच्या उन्हात रेड वाइन मुरवायची की पिऊन टाकायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावानं फ्रान्सहून आणलेली २०१८ची बोर्दो (तिथल्या बोर्दो भागातली रेड), अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते नावाची रेड आणि नाशिकची एक साधी शिराज, अशा तीन बाटल्या आहेत. तिन्ही दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभ्या आहेत. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि भिंत पश्चिमेची. दहा वर्षं ठेवल्या तर भारी होतील का, आणि दिवाळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर द्यायच्या झाल्या तर कशा द्यायच्या?

आधी त्या शोकेसमधून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

कोल्हापूरचा उन्हाळा सोलापूरएवढा कडक नसतो हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ला जातोच, आणि वर स्लॅब, बाजूला पश्चिमेची भिंत म्हटल्यावर रात्री दहालाही खोली तिशीच्या खाली येत नाही. वाइन मुरायला १२ ते १४ अंश लागतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. यावर काही जण म्हणतात, मग बरंच की, दहा वर्षांचं काम चार वर्षांत होईल! तसं होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या वेगानं पळत नाहीत. फळाचा वास आधी उडतो, शिजलेल्या मनुक्यांचा किंवा मोरंब्याचा वास येतो आणि तुरटपणा मात्र तसाच उघडा पडतो. मंद आचेवरचा रस्सा आणि करपलेला रस्सा यांत जो फरक, तोच इथे.

दुसरी अडचण बुचाची. ७५० मिलीच्या बाटलीत बुचाखाली एक-दीड सेंटिमीटर मोकळी जागा असते, म्हणजे फार तर तीन-चार मिली. वाइन १८ अंशांवरून ३८वर गेली की साधारण ५ मिलीनं फुगते. आतली हवा दाबली जाते आणि बूच वर सरकू लागतं. थंडी आली की वाइन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. असे दोन-तीन उन्हाळे गेले की वाइनची वाट लागली. म्हणून आत्ताच तपासा. बुचावरच्या पातळ पत्र्याच्या टोपणावर अंगठा फिरवा. बूच काचेच्या काठाच्या वर फुगल्यासारखं लागतंय का? टोपणाखाली चिकट ओघळ आहे का? वाइनची पातळी गळ्याच्या खाली, खांद्याकडे उतरलीय का? यातलं एक जरी दिसलं तर ती बाटली ठेवायची नाही, याच महिन्यात उघडायची.

आता दहा वर्षांबद्दल. जगात विकली जाणारी बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. ‘जुनी तेवढी भारी’ हे मोजक्याच बाटल्यांना लागू पडतं. मुरण्यासाठी वाइनमध्ये आंबटपणा हवा, तुरटपणा म्हणजे टॅनिन हवं, आणि फळाचा अर्क इतका दाट हवा की बाकीचं उतरेपर्यंत तो पुरेल. तुमच्या बोर्दोचं लेबल नीट बघा. नुसतं ‘बोर्दो’ किंवा ‘बोर्दो सुपेरियर’ असेल तर तिचे दिवस भरत आलेत, यंदाच उघडा. पोयाक, मार्गो, सँ-जुलियाँ अशा गावाचं नाव असेल आणि नावाजलेला शातो (म्हणजे वाइन बनवणारा द्राक्षमळा) असेल, तर ती वीस वर्षंही जाऊ शकते. पण तळघरात, तुमच्या शोकेसमध्ये नव्हे. २०१८ तिकडे उन्हाचं वर्ष होतं, त्यामुळे वाइन भरदार आणि अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास. अशी वाइन गरम झाली की नाकाला झोंबते.

सेत्ते ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची. आपल्याकडच्या रेडमध्ये थोडं थांबण्याची ताकद असलेल्यांपैकी ती एक. नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह दुसरी. तरीही लेबलवरच्या वर्षापासून सहा-सात वर्षांपलीकडे मी कुणाला थांबायला सांगणार नाही. कारण आपल्या हवेत आहे. इथे द्राक्षवेलीची एप्रिलात खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), पावसाळा सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. फळ उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतं, साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं. आम्ल कमी म्हणजे टिकाऊपणा कमी. साधी शिराज तर थांबवूच नका. ती बहुधा फिरकीच्या टोपणाची असेल. तिला उभं ठेवलं तरी काही बिघडत नाही. आडवं ठेवायचं ते फक्त बुचाच्या बाटल्यांना, बूच ओलं राहावं म्हणून.

ठेवायची कुठे? माळा, फ्रिजच्या वरची जागा, स्वयंपाकघर आणि देवघराशेजारचं कपाट, हे चारही बाद. फक्त रात्री एसी लावता ती बेडरूमही नको. रोज आठ-दहा अंशांचा झोका बसतो, त्यापेक्षा स्थिर २४ अंश परवडले. घरातली सगळ्यात आतली, पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची खोली निवडा. कपाटाचा जमिनीलगतचा खण घ्या, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या थर्माकोलच्या खोक्यात आडव्या ठेवा. थर्माकोल थंडावा देत नाही, पण दिवस-रात्रीचा चढउतार बोथट करतो. जून ते फेब्रुवारी एवढ्यावर निभतं. मार्चच्या मध्यापासून मेअखेर मात्र बाटल्या सरळ फ्रिजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात हलवा. फ्रिजची हवा कोरडी असते आणि कॉम्प्रेसर थरथरतो, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायला तो चांगला नाही. अडीच महिन्यांनी मात्र काही होत नाही. एखाद्या नातेवाइकाचा पेठेत जुना वाडा असेल, जाड दगडी भिंतींचा, आणि माजघराला खिडकी नसेल, तर त्यांच्याशी गोड बोला.

वाइनचा वेगळा छोटा फ्रिज घ्यायचाच झाला तर कॉम्प्रेसरचा घ्या. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज बाहेरच्या तापमानाच्या काही अंशच खाली उतरतात आणि मे महिन्यात ऐन वेळी मान टाकतात. तीन बाटल्यांसाठी हा खर्च करू नये असं माझं मत, पण हौसेला मोल नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणाची कमतरता नसते. बुचाला तो मानवतो, लेबलला बुरशी येते. लेबलवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. टोपण काढल्यावर बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्यानं पुसून मग बूच काढा.

आता चवीकडे येऊ, म्हणजे काय थांबलंय आणि काय उतरलंय हे तुम्हालाच कळेल. ग्लासात ४०-५० मिली घ्या, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. कोवळ्या वाइनची कड जांभळट असते, मग माणकासारखी लाल होते, पुढे विटकरी. सात-आठ वर्षांच्या बोर्दोला विटकरी छटा शोभते. दोन वर्षांच्या शिराजला ती दिसली तर तिनं ऊन खाल्लंय. ग्लास फिरवल्यावर काचेवरून उतरणारे ओघळ बघून लोक माना डोलावतात. ते मुख्यतः अल्कोहोलचे असतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

मग वास. आधी ग्लास न हलवता, नंतर घोळवून. जांभूळ, करवंद, मिरी, लवंग हे कोवळेपणाचे वास. तंबाखूचं पान, सुकं अंजीर, ओली माती आणि चामडं हे मुरल्याचे. चामडं म्हणजे नेमकं कोणतं, हे कोल्हापुरात सांगायला सोपं आहे: चप्पल लाइनीत नवी कोल्हापुरी हातात घेऊन नाकाशी धरा. आणि गंमत म्हणजे नातं फक्त वासाचं नाही. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातल्या टॅनिननं कमावतात. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं आणि कातडं टिकाऊ होतं. वाइनमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येतं, आणि तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना तसंच धरतं. लाळेचा गुळगुळीतपणा जातो, हिरड्या-गाल कोरडे पडतात. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. मुरताना टॅनिनचे आणि रंगाचे कण एकमेकांना जोडून मोठे होतात, शेवटी जड होऊन तळाशी बसतात. जुन्या बाटलीतला गाळ तो हाच. म्हणून मुरलेली वाइन रंगानं फिकी आणि जिभेला मऊ.

घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा. गालांच्या आत लाळ सुटली तर तो आंबटपणा, कोरड पडली तर तुरटपणा, घशात ऊब आली तर अल्कोहोल. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मोजा. दहा सेकंदांच्या पुढे टिकली तर वाइन चांगली. वाइनमध्ये दम किती आहे हे बघायचं तर अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागली तर तसलीच दुसरी बाटली दोन-चार वर्षं ठेवायला हरकत नाही. सपाट लागली तर थांबण्यात अर्थ नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसात भिजलेल्या पोत्याचा वास आला तर बूच खराब आहे. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं द्रव्य असतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅमनंही वाइन मारतं. शरीराला अपाय नाही, पण हवा दिली तरी तो वास जात नाही, उलट वाढतो. विझलेल्या काडीचा वास असेल तर मात्र अर्धा तास उघडी ठेवा, जाईल.

दिवाळीच्या दिवशी काय करायचं ते बघू. रेड वाइन ‘घरच्या तापमानाला’ द्यावी हे युरोपातल्या थंड दगडी घरांचं वाक्य आहे. आपल्या दिवाणखान्यात ऑक्टोबरात २८ अंश असतात. बोर्दो आणि सेत्ते १६-१७ अंशांवर, शिराज १४-१५वर द्या. फ्रिजमध्ये दीड-दोन तास, किंवा बादलीत अर्धं पाणी अर्धा बर्फ घेऊन दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात खोचू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. थोडी जास्त गार झाली तर उत्तम, ग्लासात पंधरा मिनिटांत वर येते.

बोर्दो दोन दिवस आधी उभी करा, गाळ तळाला बसू दे. टोपण काचेच्या खालच्या कंगोऱ्याखाली कापा. स्क्रू मधोमध, सरळ उतरवा. बूच जुनं असतं, ओढताना घाई केली की मोडतं. मोडलंच तर वाइन स्वच्छ मलमलीतून गाळा. चहाची गाळणी घेऊ नका, तिचा वास धुऊनही जात नाही. मग काचेच्या जगमध्ये ओता, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको, आम्ल धातूला लागतं. बाटलीच्या गळ्याखाली मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एकाच हळू धारेत ओता. गाळाची काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. तळाची ४०-५० मिली जाऊ दे. बोर्दोला त्या काचेच्या जगमध्ये एक तास पुरे, सेत्तेला तेवढाच, शिराजला गरज नाही.

ग्लास मोठा, वर निमुळता, आणि भरायचा एक तृतीयांश, म्हणजे १२०-१५० मिली. एका बाटलीत पाच जण. ग्लास आधी हुंगून बघा. कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्यांचाच वास येईल. त्या दिवशी घरात उदबत्ती, अत्तर, उटणं सगळंच घमघमत असतं, म्हणून बाटली गच्चीत किंवा गॅलरीत उघडा.

आणि तांबडा. चांगली बोर्दो तांबड्या रश्श्याबरोबर देऊ नका. कांदा-लसूण मसाल्यातला तिखटपणा अल्कोहोलनं आणखी पेटतो, टॅनिन कडवट लागतं आणि वाइनचं फळ हरवतं. नुकसान दोघांचंही. पण मटण शिजवताना तुम्ही अळणी काढताच. हळद, मीठ, आलं-लसणात शिजलेले ते अळणी तुकडे, थोड्या चरबीसकट, हेच बोर्दोचं खरं जेवण. मीठ आणि चरबी टॅनिन मऊ करतात. तव्यावर परतलेली कमी तिखटाची कलेजीही चालेल. म्हणजे पाहुणे आले की आधी अळणी आणि बोर्दो, निवांत. मग ताटं मांडताना पांढऱ्याबरोबर सेत्ते. नारळाचं दूध, काजू, खसखस तिला सांभाळून घेतात. तांबड्याबरोबर कुणाला हवीच असेल तर गार शिराज, नाहीतर सरळ ताक. फराळातलं गोड वाइनसोबत ठेवू नका. करंजीनंतर कुठलीही कोरडी रेड चिंचेसारखी लागते.

उरलेली सेत्ते किंवा शिराज लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकते. बोर्दो मात्र उरवू नका, आणि उरलीच तर रश्श्यात ओतू नका. रस्सा आंबतो आणि मसाला तुरट लागतो.